मास्क शेवटी येतो: धुळीच्या कामात फुप्फुसे जपण्याचा क्रम

खडी क्रशर, जिनिंग, डाळ मिल, फाउंड्री किंवा फरशीचे काम असो, धुळीपासून बचाव करायचा म्हटले की बहुतेक जण आधी तोंडाला काहीतरी बांधतात, धूळ डोळ्यांत जाऊ लागली की मग पाणी मारतात आणि जिना चढताना दम लागू लागला की मग एक्स-रे काढतात. या तिन्ही गोष्टी कराव्या लागतातच, पण हा क्रम नेमका उलटा आहे. धूळ उठण्याआधी करायचे काम उठल्यावर केले तर त्याचा उपयोग निम्म्यावर येतो, आणि कामाला लागण्याआधी करायची तपासणी दहा वर्षांनी केली तर तुलनेला काहीच हाताशी राहत नाही. पुढील टप्पे त्याच क्रमाने पाळावेत. मास्क त्यात पाचव्या क्रमांकावर, म्हणजे धूळ उगमापाशी रोखण्याच्या सगळ्या उपायांनंतर आहे, आणि ते जाणीवपूर्वक आहे.

टप्पा १: आपली धूळ कोणती, हे आधी ठरवावे

सगळी धूळ सारखी नसते आणि तिचा आजारही सारखा नसतो. त्यामुळे पहिला प्रश्न ‘किती धूळ आहे’ हा नसून ‘कशाची धूळ आहे’ हा असतो.

दगडाच्या धुळीत धोका ठरतो तो स्फटिकरूप सिलिकेवर, म्हणजे क्वार्ट्झवर. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. बेसॉल्टमध्ये सिलिका भरपूर असली तरी ती बहुतांशी इतर खनिजांत बांधलेली असते आणि मोकळे क्वार्ट्झ थोडे असते, मात्र याच दगडाच्या पोकळ्यांत गारगोटी सापडते आणि गारगोटी म्हणजे क्वार्ट्झच. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट लागतो, त्यात मोकळे क्वार्ट्झ बेसॉल्टपेक्षा कितीतरी जास्त असते. वाळूज किंवा चिकलठाण्यातल्या फाउंड्रीत साचे सिलिका वाळूचे असतील तर साचा फोडताना आणि ओतीव भाग घासताना तीच धूळ उठते. आणि सध्या ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते ते म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी वापरला जाणारा कृत्रिम क्वार्ट्झचा दगड: त्यात सिलिका ९० टक्क्यांच्या आसपास असू शकते, आणि तो बंद खोलीत कोरड्या ग्राइंडरने कापणारा मिस्त्री क्रशरवरच्या माणसापेक्षा जास्त धोक्यात असू शकतो.

कापसाच्या धुळीचा आजार वेगळा. सूतगिरणीत आणि जिनिंगमध्ये तंतूंबरोबर पानांचा चुरा, माती आणि जिवाणूंची विषद्रव्ये हवेत उडतात. त्यांमुळे छाती आवळल्यासारखी होते. डाळ मिलमध्ये टरफलांचा कोंडा आणि हळदीच्या पॉलिशमध्ये ड्रममधून उडणारी पिवळी धूळ दमा चाळवू शकते. साखर कारखान्यातल्या ताज्या बगॅसपेक्षा, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्यापेक्षा, महिनोन्‌महिने साठवून बुरशी धरलेले बगॅस अधिक वाईट, आणि पावसात भिजून काळ्या पडलेल्या कडब्याचेही तसेच.

आता ही धूळ आत गेल्यावर काय होते ते पाहू, कारण पुढचे सगळे टप्पे त्यावरच उभे आहेत. सुमारे १० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शिंकेतून, बेडक्यातून बाहेर पडतात. संध्याकाळी नाक शिंकरल्यावर रुमालावर जो काळा किंवा पिवळा डाग दिसतो तो या कणांचा. श्वासनलिकांच्या आतल्या बाजूला बारीक लव असते, ती चिकट स्रावासकट धूळ वर ढकलत राहते. पण सुमारे ४ मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या अठराव्या-विसाव्या हिश्शाचे, थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि तिथे लव नसते. तिथे शरीराच्या भक्षक पेशी कण गिळतात. कण सिलिकेचा असेल तर तो त्या पेशीलाच मारतो, पेशी फुटते, दाह निर्माण करणारी द्रव्ये सुटतात, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी तो पुन्हा गिळते. हे चक्र चालू राहते आणि त्या जागी कठीण, तंतुमय गाठी तयार होतात. गाठ झालेला भाग हवा घेत नाही आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. काम सोडल्यावरही हा आजार पुढे सरकू शकतो, कारण आत अडकलेला कण तिथेच असतो. हाच सिलिकोसिस. तो साधारणपणे १० वर्षांहून अधिक काळ धूळ खाल्ल्यावर दिसतो, पण मात्रा जास्त असेल तर ५ ते १० वर्षांत, आणि फारच दाट धुळीत काही महिन्यांतही होतो.

> सावधान: जी धूळ दिसते ती बहुतांशी नाकात थांबणारी असते. जी आत जाऊन बसते ती उघड्या डोळ्यांना साध्या उजेडात दिसत नाही. त्यामुळे ‘आज धूळ कमी आहे’ हा डोळ्यांचा अंदाज ग्राह्य धरू नये.

टप्पा २: धूळ कुठून उठते ते बॅटरीच्या झोतात पाहावे

हे काम अंधार पडल्यावर, यंत्र चालू असताना करावे. एक जोरदार झोताची बॅटरी घ्यावी, शक्यतो तिचा झोत अरुंद असावा. सोबत्याने ती धुळीच्या जागेच्या पलीकडे धरावी आणि आपण अलीकडे उभे राहून, बॅटरीचा दिवा एखाद्या पुठ्ठ्याने डोळ्यांआड करून, झोताच्या दिशेने पाहावे. जिनिंगच्या पत्र्याला भोक असले तर सकाळी त्यातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात जे तरंगताना दिसते, तेच इथे रात्री दिसते. बॅटरीच्या मागे उभे राहून पाहणे ही नेहमीची चूक आहे. त्या बाजूने जवळजवळ काहीच दिसत नाही.

मी एका क्रशरवर हे पहिल्यांदा करून पाहिले तेव्हा सगळ्यांचे बोट जबड्याकडे होते, कारण आवाज तिथे होता. झोतात दिसले ते निराळेच: कन्व्हेयर पट्ट्याच्या टोकावरून खडी ढिगावर पडत होती त्या ठिकाणी आणि चाळणीच्या फाटलेल्या रबरी पडद्यातून बारीक धुळीचा लोट निघत होता, आणि चाळणीवरचा माणूस त्याच लोटाच्या वाऱ्याखाली बसून डबा खात होता. जागा बदलायला एक रुपयाही लागला नाही.

> तपासा: धूळ उठण्याच्या किमान तीन जागा आणि त्या प्रत्येक जागी कोण किती वेळ उभा राहतो, हे कागदावर उतरले आहे का? नसेल तर पुढे जाऊ नये.

टप्पा ३: यंत्र सुरू करण्याआधीची तयारी

या टप्प्यात सांगण्यासारखे थोडेच आहे, पण ते रोज करावे लागते. फवाऱ्यांची तोंडे साफ करावीत, कारण आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि बारीक नोझल आठवड्याभरात बुजते. चाळणीचे आणि एलिव्हेटरचे झाकण, पडदे, पट्टे बघावेत. शोषण यंत्रणा असेल तर तिची पिशवी झटकून नव्हे, काढून रिकामी करावी आणि हे काम करणाऱ्याने मास्क लावलेला असावा. वाऱ्याची दिशा पाहून माणसांची जागा वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठरवावी. उन्हाळ्यात मराठवाड्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि दुपारी मास्क टिकत नाही, म्हणून सर्वांत धुळीचे काम पहाटेच्या पाळीत घ्यावे.

टप्पा ४: धूळ उगमापाशीच बसवावी किंवा ओढावी

दगड, काँक्रीट आणि वाळू यांच्यासाठी पाणी. ते कुठे पडते याला महत्त्व आहे. हवेत उडालेल्या बारीक कणावर फवारा मारला तर तो कण थेंबाच्या बाजूने वळसा घेऊन निघून जातो. खाली बसते ती जाड धूळ. त्यामुळे पाणी दगड फुटण्याआधी दगडावर, आणि कापताना पाते जिथे दगडाला टेकते त्याच ठिकाणी पडले पाहिजे. डंपरमधून डबर ओतण्याआधी तो भिजवावा, ओतल्यावर नव्हे. टाईल किंवा ग्रॅनाइट कापताना हेल्पर बाटलीच्या झाकणाला भोक पाडून पाणी ओतत राहतो, तो थोडा वेळ मोबाइल बघायला लागला की कापणे कोरडे होते आणि पांढरा लोट उठतो. त्याऐवजी पाण्याची नळी जोडलेला कटरच वापरावा.

> सावधान: साध्या विजेच्या ग्राइंडरवर पाणी ओतू नये. पाण्यात वापरण्यासाठी बनवलेलेच यंत्र घ्यावे आणि जोडणीला ३० मिलिअँपिअरला तुटणारा ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा. फुप्फुस वाचवताना विजेचा धक्का बसल्याच्या घटना घडतात.

कापूस, डाळ, हळद यांवर पाणी मारता येत नाही, तिथे शोषण हाच मार्ग. यात होणारी चूक एकच आणि ती जवळजवळ सगळीकडे होते: हूड, म्हणजे धूळ ओढणाऱ्या नळीचे तोंड, माणसाला अडचण नको म्हणून वर, दूर टांगलेला असतो. शोषणाचा जोर अंतराबरोबर फार वेगाने घटतो. नळीच्या तोंडाच्या रुंदीइतक्या अंतरावर तो तोंडापाशी असलेल्या वेगाच्या साधारण दहाव्या हिश्शावर येतो. म्हणजे ३० सेंटिमीटर तोंडाचा हूड ३० सेंटिमीटर दूर असेल तर दहा हिश्शांपैकी नऊ हिस्से जोर वाया गेला. पंखा मोठा घेण्याआधी हूड जवळ आणावा. आणखी एक गोष्ट: हूड माणसाच्या डोक्यावर असेल तर धूळ त्याच्या नाकासमोरूनच वर ओढली जाते, म्हणून हूड शक्यतो समोर किंवा बाजूला ठेवावा. डाळ मिलमध्ये भिंतीवरच्या पंख्याने धूळ ‘बाहेर काढतात’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तो पंखा एका कोपऱ्यातला कोंडा सगळ्या शेडभर वाटतो. धान्याची बारीक धूळ बंद जागेत ठिणगीने पेटते, हेही इथेच लक्षात ठेवावे.

> तपासा: हे सगळे केल्यावर रात्री पुन्हा टप्पा २ करावा. झोतात लोट पहिल्याइतकाच दिसत असेल तर दुरुस्ती झालेली नाही, मग पाण्याचा टँकर कितीही रिकामा झालेला असो.

टप्पा ५: आता मास्क

गमछा, उपरणे, ओढणी, ओला रुमाल आणि औषधाच्या दुकानातला पातळ निळा मास्क यांपैकी कोणताही प्रकार बारीक धूळ अडवत नाही. ओला रुमाल बांधल्यावर गार वाटते, म्हणून काम करतो असे वाटते. घ्यायचा तो एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा, आयएस ९४७३ ची खूण असलेला मास्क; आणि त्यातही कानात अडकवायचा नव्हे, डोक्यामागून दोन पट्टे जाणारा. कानाच्या पट्ट्यांचा मास्क गालावर सैल बसतो.

घालण्याचा क्रम असा. हात धुवावेत. मास्कची वाटी तळहातावर धरून हनुवटीखालून वर चढवावी. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर आणि खालचा पट्टा कानांच्या खालून मानेवर घ्यावा. दोन्ही पट्टे मानेवरच घेणारे निम्मे तरी दिसतात, आणि मग मास्क नाकापासून सुटतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाहेर दाबत, नाकाच्या आकाराला बसवावी. एका हाताने चिमटी काढली तर मधे टोक येते आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही तळव्यांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवावा. झडप असलेल्या मास्कमध्ये उलट करावे: तळव्यांनी मास्क झाकून श्वास आत ओढावा, मास्क चेहऱ्याकडे किंचित खेचला गेला पाहिजे.

दाढीवर कोणताही असा मास्क बसत नाही, दोन दिवसांचे खुंटही फट ठेवते. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे त्यांच्यासाठी बॅटरीवरच्या पंख्याचा सैल टोपीचा संच मिळतो, तो महाग असतो, पण त्याला पर्याय नाही.

आता ती चूक, जी कोणत्याही पोस्टरवर लिहिलेली नसते. तंबाखू किंवा गुटखा तोंडात असलेला माणूस दर थोड्या वेळाने थुंकायला मास्क खाली करतो. साधा हिशोब करावा: मास्क १०० कणांतले ५ आत सोडतो असे धरले आणि आठ तासांच्या पाळीत तो फक्त २४ मिनिटे खाली राहिला, तर त्या २४ मिनिटांतच उरलेल्या साडेसात तासांपेक्षा जास्त धूळ आत जाते आणि दिवसाची एकूण मात्रा जवळपास दुप्पट होते. थुंकायचे, पाणी प्यायचे, बोलायचे असेल तर धुळीच्या जागेपासून बाजूला जाऊनच मास्क काढावा.

> तपासा: पाळी संपल्यावर मास्कची आतली बाजू पाहावी. नाकाच्या दोन्ही बाजूंना करडी रेघ दिसली तर धूळ गाळून नव्हे, फटीतून आत आली आहे. श्वास जड जाऊ लागला, मास्क भिजला किंवा पट्टा सैल झाला की तो टाकून द्यावा. पुन्हा वापरायचा असेल तर कागदी पिशवीत ठेवावा, खिशात किंवा मोटारसायकलच्या डिकीत नव्हे.

> सावधान: हा मास्क वायूपासून आणि प्राणवायूच्या अभावापासून वाचवत नाही. धान्याच्या कोठीत किंवा टाकीत तो घालून उतरू नये.

टप्पा ६: काम संपल्यावर

दिवसभर बसवलेली धूळ शेवटच्या अर्ध्या तासात पुन्हा उडवण्याची आपल्याकडे पद्धतच आहे. कोरडा झाडू मारणे आणि कंप्रेसरच्या हवेने अंगावरचे कपडे झटकणे या दोन्ही गोष्टी बंद कराव्यात. हवेचा झोत धूळ कपड्यातून काढून थेट नाकापाशी आणतो. जमीन आधी भिजवून ओल्या खराट्याने ओढावी, किंवा हेपा गाळणी, म्हणजे अतिबारीक कण अडवणारी गाळणी, असलेल्या व्हॅक्यूमने धूळ ओढून घ्यावी. कपडे कामावरच बदलून पिशवीत बांधावेत आणि घरी वेगळे धुवावेत, झटकू नयेत. घरातली बाई अंगणात ते कपडे झटकते तेव्हा तीही तीच धूळ खाते.

गुळाबद्दल एकदाच लिहितो. पाळी संपल्यावर गुळाचा खडा वाटण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे आणि ‘गूळ धूळ खाली उतरवतो’ असे सांगितले जाते. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, धूळ श्वासनलिकेतून फुप्फुसात गेलेली असते. या दोन वाटा घशाखाली कुठेही मिळत नाहीत. खडा आवडत असेल तर खावा, पण मास्कच्या बदल्यात तो स्वीकारू नये.

टप्पा ७: तपासणी, आणि तीही वेळेत

पहिली तपासणी कामाला लागण्याआधी व्हावी. त्यात छातीचा मोठ्या आकाराचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकण्याची चाचणी, या दोन्ही असाव्यात. सिलिकोसिसच्या सुरुवातीला फुंकण्याची चाचणी चांगली येऊ शकते आणि कापसाच्या धुळीच्या त्रासात एक्स-रे स्वच्छ येतो. म्हणून एकच चाचणी करून निश्चिंत होणे चुकीचे आहे.

फुंकण्याच्या आधी तासभर बिडी ओढू नये आणि पोटभर जेवून जाऊ नये. छाती पूर्ण भरून घ्यावी, ओठ नळीभोवती घट्ट मिटावेत आणि एकदम जोरात फुंकून किमान ६ सेकंद हवा सोडत राहावे. बहुतेक जण दोन सेकंदांत थांबतात आणि अहवाल बिघडतो. तीन चांगल्या फुंकी मिळेपर्यंत चाचणी पुन्हा करून घ्यावी. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेल्या हवेचा आकडा दरवर्षी जुन्या आकड्याशी ताडून पाहावा. वयोमानाने तो वर्षाला साधारण ३० मिलिलिटरने घटतो, त्याहून बरीच घट सलग दिसली तर डॉक्टरांना विचारावे.

कापसाच्या कामात एक खूण घरबसल्या ओळखता येते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत कमी होते. पुस्तकांत याला सोमवारचा त्रास म्हणतात, पण आपल्याकडे अनेक ठिकाणी सुटी आठवडी बाजाराच्या दिवशी असते, त्यामुळे बाजार बुधवारचा असेल तर हा त्रास गुरुवारी शोधावा. त्या दिवशी पाळीच्या आधी आणि नंतर अशी दोनदा फुंकण्याची चाचणी केली तर घट स्पष्ट दिसते. बुरशीच्या बगॅसचे किंवा कडब्याचे काम केल्यावर ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला आणि दम आला, तर तो हिवताप समजून सोडू नये. विशेषतः काम बंद असताना बरे वाटत असेल आणि पुन्हा काम केल्यावर तेच होत असेल तर.

> सावधान: सिलिकोसिसच्या गाठी फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि क्षयरोगाचे डागही बहुधा तिथेच. कामाचे न सांगता एक्स-रे दाखवला तर क्षयाची औषधे सुरू होऊ शकतात. बेडक्यातले क्षयाचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी सरकारी केंद्रात विनामूल्य होते, ती करूनच घ्यावी. सिलिका फुप्फुसात असलेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो, म्हणून दोन्ही एकत्रही असू शकतात.

टप्पा ८: आजार निघाला तर

सिलिकोसिस उलटवणारे औषध नाही. धुळीपासून पूर्ण दूर होणे, बिडी-सिगारेट सोडणे आणि क्षयावर लक्ष ठेवणे एवढेच हातात राहते. सिलिकोसिस आणि कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हे दोन्ही कायद्याने कळवण्याच्या व्यवसायजन्य आजारांत मोडतात. कारखान्याने आणि निदान करणाऱ्या डॉक्टरांनी ते औद्योगिक सुरक्षा व आरोग्य विभागाला कळवायचे असते. निदानासाठी छत्रपती संभाजीनगर (घाटी रुग्णालय), अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या श्वसनविकार विभागात जावे, आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल तर तिथे नोंद करावी.

डॉक्टरांकडे जाताना सोबत कामाचा कागद असावा, कारण दावा अडतो तो आजारावर नव्हे, ‘तू तिथे कामाला होतास कशावरून’ या प्रश्नावर. कागदावर प्रत्येक कामाची एक ओळ लिहावी: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, कोणत्या गावी, कोणाकडे, कोणत्या यंत्रावर, रोज किती तास, पाणी होते की कोरडे, मास्क होता की नाही. ‘क्रशरवर काम’ एवढे पुरत नाही. ‘चाळणीवर, दहा तास, चार वर्षे, कोरडे’ असे हवे. मुकादमाने दिलेली उचलीची चिठ्ठी, हजेरीची पाने, सोबतच्या दोन कामगारांची नावे त्याला जोडावीत. एक्स-रेची फिल्म दवाखान्यात सोडू नये, मागून घ्यावी. ती पत्र्याच्या पेटीत उन्हाने चिकटते, म्हणून दोन वर्तमानपत्रांच्या पानांमध्ये सपाट ठेवावी आणि पाकिटावर तारीख टाकावी.